विश्लेषण : वजन ठीक, तरी पोट सुटलेले… भारतीयांतील लठ्ठपणाचे कोडे काय?

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘मन की बात’मधून स्वयंपाकातील तेल १० टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. त्यापाठोपाठ ‘सीबीएसई’ने शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले, तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांत तेल-साखरेचे फलक लावण्याची सूचना केली. पण फलकांनी लठ्ठपणा आटोक्यात येईल का?

लठ्ठपणा किती वाढला?
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये १२.६ टक्के महिला आणि ९.३ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणाबाहेर होते. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे २४ आणि २२.९ टक्क्यांवर गेले. शहरांत दर तीन महिलांमागे एक, तर ग्रामीण भागात पाचांमागे एक महिला या गटात मोडते. म्हणजे हा प्रश्न आता शहरांपुरता राहिलेला नाही.

वजनकाटा पुरेसा का नाही?
वरील आकडे उंचीच्या तुलनेत वजन मोजणाऱ्या ‘बीएमआय’वर आधारित आहेत. याच पाहणीत प्रथमच कंबर आणि नितंबांच्या घेराचे गुणोत्तरही मोजले गेले. त्यात ५६.७ टक्के महिला आणि ४७.७ टक्के पुरुष जोखमीच्या गटात आढळले. म्हणजे वजन ‘ठीक’ असलेल्या अनेकांच्या पोटावरही चरबी आहे.

याचा उलगडा पुण्यातील संशोधनातून होतो. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतील नवजात बाळांचा अभ्यास केला. या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर ब्रिटनमधील बाळांचे ३.५ किलो होते. भारतीय बाळांत स्नायू कमी होते, पण त्वचेखालील चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता; मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच सावध राहण्याचा सल्ला तज्ज्ञ देतात.

कारणे कोणती?
नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशात खाद्यतेलाचा दरडोई वापर वर्षाला १९.७ किलो आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस १२ किलोंची आहे. त्यातच हालचाल घटली. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील अभ्यासानुसार २०२२ मध्ये देशातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते, महिलांत हे प्रमाण ५७ टक्के होते. घर आणि नोकरी सांभाळताना न मिळणारी उसंत, फेरीवाले आणि वाहनांनी व्यापलेले पदपथ, मैदानांची कमतरता या अडचणी केवळ इच्छाशक्तीने सुटणाऱ्या नाहीत.

धोरणांत विसंगती कुठे?
२०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालाने अतिप्रक्रियायुक्त पदार्थांवर जास्त कर आणि वेष्टनावर ठळक माहिती सुचवली होती. प्रत्यक्षात सप्टेंबर २०२५ मधील जीएसटी फेररचनेत बिस्किटे, चॉकलेट आणि आइस्क्रीमवरील कर १८ वरून ५ टक्के झाला, तर फरसाण आणि इन्स्टंट नूडल्सवरील १२ वरून ५ टक्के. शीतपेयांवर मात्र ४० टक्के कर आहे. वेष्टनावर तारांकित मानांकनाचा मसुदा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये आणला. तारे पाहून अपायकारक पदार्थही चांगला वाटू शकतो, असा आक्षेप आरोग्य कार्यकर्त्यांनी घेतला. चिलीने २०१६ मध्ये अशा पदार्थांवर थेट काळे इशारे छापणे बंधनकारक केले. त्यानंतर तेथे साखरयुक्त पेयांची खरेदी घटल्याचे अभ्यासांत आढळले.

घरी काय करता येईल?
पहिले साधन म्हणजे मोजपट्टी. पुरुषांची कंबर ९० आणि महिलांची ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर वजन काहीही असो, रक्तातील साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. दुसरे, तेलाचा हिशेब. वर्षाला १२ किलो म्हणजे माणशी महिन्याला एक किलो. चौघांच्या घरात महिन्याला चार किलो ही कमाल मर्यादा. बाहेरचे वडे, भजी आणि फरसाणही त्यातच धरायचे. तिसरे, आठवड्यातून किमान १५० मिनिटे झपाझप चालणे आणि स्नायू टिकवण्यासाठी दोन दिवस ताकदीचे व्यायाम, कारण भारतीय शरीराची मुख्य उणीव स्नायूंचीच आहे.

हे सारे घरात शक्य आहे. पण कार्यालयात तेल-साखरेचा फलक आणि बाहेरच्या दुकानात स्वस्त झालेले बिस्किटांचे पुडे, ही विसंगती सरकारलाच दूर करावी लागेल.