भिंतीला वाळू द्या

अक्षय तृतीयेची वास्तुशांत ठरली की बांधकामाच्या तारखा उलट्या मोजायला सुरुवात होते. गवंडी एक दिवस सोडत नाही, सुतारही नाही. मग कापले जातात ते भिंत वाळण्याचे दिवस, कारण त्या दिवसांत घरात कुणी राबताना दिसत नाही. नव्या घराचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं, असं माझं ठाम मत आहे.

सिमेंटच्या गिलाव्यावर निदान ७ दिवस पाणी मारायचं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण ते पाणी बाहेर पडायलाही वेळ हवा. त्यासाठी २८ दिवस ही कमीत कमी मुदत धरतात. पावसाळ्यात, कोकणच्या दमट हवेत त्याहून बरीच जास्त. हाताला कोरडी लागणारी भिंत आतून ओली असू शकते. हातभर प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवून दिवसभर ठेवा. आतून दव धरलं तर काम थांबवा आणि रंगाऱ्याची मजुरी बुडू देऊ नका.

ओलीइतकाच त्रास चुन्याचा. सिमेंट घट्ट होताना त्यातून चुना सुटतो, त्यामुळे ताजा गिलावा तीव्र अल्कधर्मी असतो. त्यावर ऑइल पेंट मारला तर रंगातल्या तेलाचा अक्षरशः साबण होतो. रंग चिकट राहतो, मग सुटतो. ओलीबरोबर पांढरा लोणाही वर येतो. तो धुऊ नका, पाण्याबरोबर क्षार परत आत मुरतात. कोरड्या ब्रशने झाडा, काही दिवस थांबा, आला तर पुन्हा झाडा. राहायला जायची घाईच असेल तर पहिल्या वर्षी नुसता चुना द्यावा. त्यातून भिंतीची वाफ बाहेर पडते. मात्र पुढे प्लॅस्टिक रंग द्यायचा झाल्यास तो खरवडावा लागेल.

लांबी दोन पातळ हातांत भरावी. गवंड्याचा उंचसखलपणा तिच्या जाड थराखाली झाकायला गेलात तर पोपडे आलेच. आणि पेपर मारण्याचे पैसे वेगळे ठरवा. चौरस फुटाच्या भावात ते गुंडाळले की घासण्याचा वेळ रंगाऱ्याच्याच खिशातून जातो. त्याने तो वाचवला तर त्याला बोल कसा लावायचा?

लाकडाचं गणित वेगळं. पेपर नेहमी रेषांच्या दिशेने, आधी १२० नंबरचा, मग २२०. सागवान तेलकट, म्हणून थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावं. पाइनच्या गाठींतून राळ झिरपते, त्यांवर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचा हात द्यावा. लांबी प्रायमरनंतरच, कोरडं लाकूड तिच्यातलं तेल पिऊन टाकतं आणि ती भुसभुशीत होऊन निखळते. चौकटीची भिंतीकडची बाजूही बसवण्याआधीच रंगवायला हवी.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे दाराचा तळ आणि माथा. तिथे लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात, ओल तिथूनच शिरते आणि जुलैत दार फुगून अडकतं. बिजागऱ्या लावण्यापूर्वी दार आडवं ठेवून त्या दोन्ही कडांना प्रायमर आणि रंगाचे दोन हात आपल्यासमोर मारून घ्या.