दुसऱ्या भेटीचे दुकान

लोकरीच्या दुकानात एकच गिऱ्हाईक एका स्वेटरसाठी दोनदा येते. पहिल्यांदा विणकाम आरंभताना आणि दुसऱ्यांदा ते अडल्यावर. पहिल्या भेटीत लोकर खपते, सुया खपतात, गल्ल्यात पैसे पडतात. दुसऱ्या भेटीत पिशवीतून सुईवर अर्धवट चढलेली बाही बाहेर निघते, टाके कोठे वाढले याचा शोध घेण्यात दुकानदाराचा अर्धा तास जातो आणि पावती मात्र एकही फाटत नाही. रोजमेळाच्या वहीत या अर्ध्या तासाला रकाना नाही. तथापि लोकरीचे छोटे, स्वतंत्र दुकान जेथे टिकून राहिले तेथे ते बहुधा या दुसऱ्या भेटीवर टिकले आहे. विणकाम जर बाहीतच अडून राहिले, तर ते ट्रंकेत जाते आणि त्या घरातून पुन्हा कोणी लोकर घ्यावयास येत नाही.

हे ज्यांनी फार लवकर ओळखले त्यांत एलिझाबेथ झिमरमन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. जन्म १९१० चा, इंग्लंडमधला. कलेचे शिक्षण जर्मनीत म्युनिक येथे झाले, विवाह आर्नोल्ड झिमरमन या जर्मन गृहस्थांशी झाला आणि १९३७ साली हे दांपत्य अमेरिकेस गेले. पुढे विस्कॉन्सिन राज्यात त्यांचे बिऱ्हाड स्थिरावले. एलिझाबेथबाई स्वेटरांचे नवे नमुने बसवून मासिकांना पाठवीत. त्यांची विणण्याची रीत गोल होती. लांब लवचीक सुईवर स्वेटरचा घेर एका नळीसारखा विणीत जायचे, म्हणजे शेवटी पुढचा भाग आणि मागचा भाग जोडावा लागत नाही. एका मासिकाने त्यांचा नमुना स्वीकारला, परंतु छापताना गोल विणीच्या सूचना बदलून सपाट तुकड्यांच्या केल्या. लिहिणारीला जे सांगायचे होते नेमके तेच गळाले. तेव्हा बाईंनी स्वतःचेच वार्तापत्र काढले. साल होते १९५८. पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, टपालाने लोकर, सुया आणि पुस्तके पुरविणारा त्यांचा घरगुती व्यवसाय उभा राहिला. एका जुन्या शाळेच्या इमारतीवरून त्याला ‘स्कूलहाऊस प्रेस’ असे नाव मिळाले. दुकानाच्या नावात शाळा असावी हा योगायोग. पण पुढचा सारा व्यवहार त्या नावाला साजेसाच झाला.

या वार्तापत्रात नमुन्याच्या सूचना पूर्ण असत. ते वाचून कोणी दुसऱ्या दुकानातून लोकर आणली असती तर बाईंना त्यात काही मिळाले नसते. व्यापारी मनाला प्रथमदर्शनी हे खटकते. माल विकायच्या आधी विद्या का द्यायची? पण विद्या मिळालेल्या माणसालाच लोकरीची गरज लागते, ही गोष्ट बाजारात लोकर मांडून बसलेल्या कित्येकांच्या ध्यानात येत नाही. १९५८ ते १९६८ या काळात निघालेली ती पत्रके पुढे २००५ साली पुस्तकरूपाने एकत्र प्रसिद्ध झाली. १९६९ पासून ‘वूल गॅदरिंग’ या नावाने नवे नियतकालिक सुरू झाले. १९७४ पासून विणकरांचे निवासी शिबिर भरू लागले आणि ते वर्षानुवर्षे चालत राहिले. वार्ता आणि कार्यशाळा ही या दुकानाची जाहिरात नव्हती, तो दुकानाचाच भाग होता.

बाई काय शिकवीत असत हे थोडे खोलात पाहिले पाहिजे, कारण त्यातले गणित व्यापारी घराला तत्काळ पटेल. विणकामाच्या पुस्तकात सहसा छापील आकडे असतात: इतके टाके घाला, इतक्या ओळी विणा. लोकर थोडी जाड निघाली किंवा हात थोडा सैल असला की ते आकडे कोसळतात. एलिझाबेथबाईंनी टक्केवारीची पद्धत बसविली. आधी हातातल्या लोकरीने एक लहान चौकोन विणून पाहायचा आणि एका इंचात किती टाके बसतात ते मोजायचे. समजा पाच बसले. स्वेटरचा छातीशी घेर ४० इंच हवा असेल तर ५ गुणिले ४०, म्हणजे २०० टाके. हे शंभर टक्के. मनगटाशी बाही याच्या २० टक्के, म्हणजे ४० टाके. दंडाशी ती ३३ टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे ६६. काखेत ८ टक्के, म्हणजे १६. गळ्याशी ४० टक्के, म्हणजे ८०. पुढे दंडाचे प्रमाण थोडे वाढवूनही सांगितले गेले, कारण सैल बाहीची आवड वाढली. मूळ तत्त्व मात्र तेच राहिले. एक आकडा नीट मोजला की उरलेले सारे त्यातून निघतात, मग स्वेटर नातवाचा असो की आजोबांचा.

ही पद्धत शिकलेली बाई दुकानदारावर अवलंबून राहत नाही. तरीही ती त्याच दुकानात येत राहते. परावलंबी गिऱ्हाईक जास्त काळ टिकते असा पुष्कळांचा समज आहे, आणि सावकारीत तो खराही असेल. विणकामात तो खरा नाही. ज्याला स्वतः आकडे मांडता येतात तोच नवा स्वेटर सुरू करण्याचे धाडस करतो.

त्यांचा आणखी एक नमुना प्रसिद्ध आहे. १९६८ चे हे तान्ह्या बाळाचे झबलेवजा जाकीट सबंध एकाच तुकड्यात विणले जाते. विणत असताना हातात जे असते त्याला ना आकार ना रूप. कोपरे भलतीकडेच वळलेले. निम्म्या वाटेवर जवळजवळ प्रत्येकीला वाटते की आपले काहीतरी चुकले. शेवटी तो तुकडा कागदाच्या होडीसारखा घडी घालून खांद्यांवर दोन शिवणी घातल्या की जाकीट समोर उभे राहते. असा नमुना पुस्तकातून एकटीने विणणे शक्य आहे, पण अवघड आहे, आणि ते टाक्यांमुळे नव्हे. टाके त्यात साधेच आहेत. अवघड जातो तो मधला अविश्वास. त्या क्षणी कोणीतरी वेडावाकडा तुकडा हातात घेऊन “बरोबर चालले आहे, पुढे विणा” असे म्हणणे आवश्यक असते. कार्यशाळेत विकत घेतले जाते ते बहुतेक वेळा हे एक वाक्य.

आता मालाच्या बाजूकडे वळू. लोकरीच्या धंद्यातील खरा काच साठ्याचा आहे. एकाच रंगक्रमांकाची लोकर दोन निरनिराळ्या वेळी रंगविली गेली तर छटा किंचित बदलते. गुंड्यावर ती वेगळी दिसत नाही, अंगात घातल्यावर छातीच्या मध्यावर रेघ उठते. म्हणून प्रत्येक गुंड्याच्या पट्टीवर रंगक्रमांकाबरोबर लॉट नंबर छापलेला असतो आणि एका स्वेटरची सगळी लोकर एकाच लॉटमधून घ्यावी लागते. मोठ्या माणसाच्या स्वेटरला साधारण ४०० ते ५०० ग्रॅम लोकर लागते, म्हणजे ५० ग्रॅमचे आठ ते दहा गुंडे. दुकानदाराने समजा ४० रंग ठेवले आणि प्रत्येकाचे २० गुंडे घेतले, तर ८०० गुंडे झाले. खरेदी शंभर रुपयांनी धरली तरी ८० हजार रुपये फडताळात गोठले. प्रत्येक रंगातून एकेक स्वेटर निघाला की मागे दहा-बारा गुंडे राहतात, पुढे चार-पाच उरतात, आणि मग त्या लॉटमधून सबंध स्वेटर होत नाही. स्टॉक स्टेटमेंटमध्ये हा माल पूर्ण किमतीने दाखविला जातो. मार्च अखेरीस तपासणीला आलेला अधिकारी तो पाहतो आणि दोघेही काही काळ गप्प बसतात.

या उरलेल्या गुंड्यांना वाट काढून देणारी गोष्ट म्हणजे कार्यशाळा. नवशिक्याने पहिल्या दिवशी स्वेटर विणू नयेच. त्याने कानटोपी विणावी, हातमोजा विणावा, बाळाचे मोजे विणावेत. त्यांना एक-दोन गुंडे पुरतात. पट्ट्यापट्ट्यांच्या मफलरीत तर चार लॉट सुखाने नांदतात. शिकविण्याचे शुल्क थोडके असले तरी अडकलेले भांडवल मोकळे होते, आणि टोपी विणलेली व्यक्ती पुढल्या हिवाळ्यात स्वेटरची लोकर मागते.

याच्या उलट चित्रही नुकतेच दिसले. अमेरिकेत कापड, दोरे, लोकर आणि हस्तकलेचे साहित्य विकणारी ‘जोॲन’ ही साखळी १९४३ पासून चालत होती. अखेरीस तिची सुमारे ८०० दुकाने होती. २०११ साली एका गुंतवणूक संस्थेने सुमारे १६० कोटी डॉलरना ती खरेदी केली आणि व्यवसायावर कर्जाचा मोठा बोजा आला. टाळेबंदीच्या काळात घराघरांत शिवण-विणकाम वाढले, विक्री उसळली. ती लाट ओसरल्यावर कर्ज तेवढे राहिले. २०२४ च्या मार्चमध्ये पहिली दिवाळखोरी, २०२५ च्या जानेवारीत दुसरी, आणि मे संपेपर्यंत सगळी दुकाने बंद. पुरवठादारांकडून माल पुरेसा येईना, हेही एक कारण कंपनीने सांगितले. छोट्या दुकानांनी यावर हर्ष मानण्याचे कारण नाही. गावात दुसरे दुकानच नव्हते अशा कित्येक विणकरांचा आधार गेला. पण विस्कॉन्सिनमधील त्या शाळेच्या नावाच्या पेढीकडे पाहिले तर फरक डोळ्यांत भरतो. एलिझाबेथबाई १९९९ मध्ये निवर्तल्या. त्यापूर्वीच कन्या मेग स्वान्सन यांनी कारभार हाती घेतला होता, पुढे नातूही त्यात आला. ८०० दुकाने या घराने कधी काढली नाहीत. काढता आली नसती, असेही म्हणता येईल. पाहुणचार आणि शिकवणी यांच्या शाखा उघडता येत नाहीत.

महाराष्ट्रातील बाजारपेठांत केवळ लोकरीचे दुकान विरळा. होजिअरीच्या किंवा दोरे-बटणांच्या दुकानात मागे एक फडताळ लोकरीचे असते, आणि ती दुकाने पुष्कळदा जैन कुटुंबांची असतात. त्या फडताळात येणारा मालही बराचसा लुधियानाचा, जेथे हा उद्योग उभारण्यात ओसवाल जैन घराण्यांचा मोठा वाटा आहे. तेथील एका मोठ्या समूहाचे नावच ‘वर्धमान’. म्हणजे कातण्यापासून गल्ल्यापर्यंत हा धागा समाजाच्या हातून जातो. म्हणूनच एक प्रश्न येथे टाळता येत नाही.

‘वूल’ म्हणून सर्रास जे विकले जाते ते बहुतांशी ॲक्रिलिक असते. ॲक्रिलिक विकण्यात गैर काहीच नाही. ते स्वस्त आहे, धुण्यास सोपे आहे, आणि प्राणिज धागा नको असणाऱ्या घराला सोयीचेही आहे. गैर आहे ते गिऱ्हाईकाने “ही लोकरच ना?” असे विचारल्यावर मान हलविणे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोट्या वजनमापांना ‘हीनाधिक मानोन्मान’ म्हटले आहे आणि अस्सलाच्या नावे नक्कल देण्याला ‘प्रतिरूपक व्यवहार’. वजनाचा अतिचार आता सीलबंद पाकिटामुळे फारसा घडत नाही. दुसरा मात्र एका मान हलविण्याने घडतो.

अस्सल लोकरीबाबत विचार अधिक नाजूक आहे. लोकर समाजाला निषिद्ध नाही. श्वेतांबर साधु-साध्वींचे रजोहरणच लोकरीच्या धाग्यांचे असते. मेंढी कातरल्याने मरत नाही. परंतु ऑस्ट्रेलियात मेरिनो मेंढ्यांना माश्यांच्या अळ्यांपासून वाचविण्यासाठी शेपटीभोवतीची कातडी कापून काढण्याची प्रथा आहे. तिला म्यूलसिंग म्हणतात. न्यूझीलंडने ती २०१८ मध्ये कायद्याने बंद केली. रेशमाचा मिश्र धागा असेल तर कोशातील जीवाचा प्रश्न येतो, तो सांगावयास नको. पाश्चात्त्य देशांतील स्वतंत्र लोकर-दुकानांत ‘ही कोठल्या मेंढीची, कोणत्या पद्धतीची’ असे विचारणारी गिऱ्हाइके आज आहेत आणि उत्तर देऊ शकणारे दुकानदारही आहेत. येथे मात्र अहिंसेचा वारसा सांगणाऱ्या घराच्या दुकानात तो प्रश्न विचारला तर “कंपनीला विचारा” असे उत्तर मिळावे, हे शोभत नाही. घाऊक व्यापाऱ्याला पत्र लिहून विचारणे एवढे तरी जमण्याजोगे आहे. उत्तर आले नाही तर तसेच सांगावे.

कार्यशाळेला फार काही लागत नाही. दुपारी एक ते चार बाजार थंड असतो. तेवढा वेळ एक मेज, सहा खुर्च्या आणि खिडकीचा उजेड मिळाला की झाले. शिकविणारी व्यक्ती बाहेरून आणण्याचीही गरज क्वचितच पडते, कारण त्याच घरात वरच्या मजल्यावर सासूबाई असतात. त्यांच्या हातचे स्वेटर तिन्ही मुलांनी घातलेले असतात. मात्र दुकानाच्या कामात त्यांचे मत आजवर कोणी घेतलेले नसते. आरंभ सुती धाग्याने करावा. नवकारवाळीची पिशवी क्रोशाने एका गुंड्यात होते आणि दोन बैठकांत पुरी होते.

आणि एक फडताळ रिकामे ठेवावे. जिने स्वेटर आरंभला आहे तिच्यासाठी त्याच लॉटचे दोन गुंडे पिशवीत घालून, वर चिठ्ठी लावून ठेवून द्यावेत. चिठ्ठीवर नाव, रंगक्रमांक आणि लॉट नंबर. पैसे आगाऊ घेऊ नयेत. बाही पुरी झाल्याचे ती येऊन सांगेपर्यंत ती पिशवी, सणासुदीची गर्दी असली तरी, कोणाला विकू नये.