टॉवर बंद पडला की गाव मुकं का व्हावं?

दापोडेकरांनो, पावसाळ्याच्या तोंडावर एक विषय मांडतोय. जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

दापोडे, गुंदवली, वळ, पूर्णा, माणकोली या आपल्या पट्ट्यात गोदामांच्या रांगा लागल्यात. कुठलं खोकं कुठल्या रॅकवर आहे हे तिथल्या स्कॅनरला सेकंदात कळतं. पण त्याच गोदामात पाणी शिरलं किंवा आग लागली, वीज गेली, टॉवरची बॅटरी संपली, तर आत किती हमाल अडकलेत हे सांगायला माणूसच पळवावा लागतो. खोक्याचा पत्ता लागतो, माणसाचा लागत नाही. याला विकास म्हणायचं?

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि फोन मुके झाले. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, तेव्हा पुन्हा तेच. सोळा वर्षांत हातातले फोन बदलले, "नेटवर्कच नव्हतं, काय करणार?" हे उत्तर काही बदललं नाही.

यावर इलाज काय, तर म्हणे आणखी टॉवर. टॉवर हवेतच, त्याला ना नाही. पण दहा टॉवर एकाच विजेवर आणि एकाच केबलवर असतील तर दहाही एकदमच झोपणार. 2023 मध्ये सगळ्यांच्या फोनवर सरकारी इशाऱ्याची चाचणी घणघणली, आठवतंय ना? तो इशाराही टॉवरवरूनच येतो आणि फक्त वरून खाली येतो. "आम्ही इथं अडकलोय" हे खालून वर सांगायची सोय त्यात नाही.

दुसरा रस्ता आहे, आणि तो जुना आहे. टॉवर मध्ये न घेता एका यंत्रानं शेजारच्या यंत्राला निरोप द्यायचा, त्यानं पुढच्याला. प्रत्येक यंत्र फोनही आणि पोस्टमनही. याला ॲड हॉक नेटवर्क म्हणतात. अमेरिकी लष्करी संशोधनात असे रेडिओ 1970 च्या दशकातच सुरू झाले.

"सगळे फोन एकदम बोलायला लागले तर गोंधळ होईल," असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. व्हॉट्सॲपवर एकच फॉरवर्ड चाळीस ग्रुपमधून येतो तसं होईल. सगळ्यांनी सगळं पुढं ढकललं तर हवेत कोंडी होते, बॅटऱ्या उतरतात आणि कामाचा निरोप मध्येच हरवतो. म्हणून खरी अक्कल लागते ती वाट काढण्यात, आणि त्यावर काम झालेलं आहे. 2003 मध्ये एओडीव्ही नावाची पद्धत जगासाठी खुली छापली गेली. तिचं तत्त्व साधं आहे. गरज पडली की आधी फक्त विचारायचं, "अमक्याकडं जायची वाट कोणाला ठाऊक आहे का?" उत्तर ज्या वाटेनं परत येतं, त्याच वाटेनं पुढचे निरोप पाठवायचे. मधला माणूस उठून गेला, वाट तुटली, की तसं मागं कळवायचं आणि नवी वाट विचारायची. त्याच वर्षीच्या ओएलएसआर पद्धतीत प्रत्येक जण मोजके शेजारी नेमतो आणि वाटांची माहिती तेवढेच पुढं पोचवतात, बाकीचे गप्प. वाटच नसेल तर निरोप जपून ठेवायचा आणि पुढचा कोणी भेटला की द्यायचा, अशाही पद्धती आहेत. मोटारसायकलवरचा डिलिव्हरीवाला पोरगा मग चालतं पोस्ट होतो.

आता म्हणाल, हे परदेशातलं कौतुक. मग पालघर बघा. 2014 पर्यंत तो आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पानं टीव्हीच्या रिकाम्या लहरी वापरून तिथल्या गावांत इंटरनेट पोचवलं, 2017 मध्ये मोझिलाचं बक्षीसही मिळवलं. तिथली यंत्रं जागेवर बसवलेली होती, हलत्या फोनचं काम त्याहून अवघड, हे मान्य. पण कंपनीची वाट न बघता गावात जाळं उभं राहतं, एवढं तरी त्यातून दिसलं.

सरकार काय करतं? मे 2023 मध्ये केंद्रानं 14 मेसेजिंग ॲप बंद केली. त्यात ब्रायर होतं, जे इंटरनेट नसताना ब्लूटूथवरून निरोप पाठवतं. कारण दिलं दहशतवादाचं. गैरवापर करणाऱ्याला जरूर पकडा. पण पुरात अडकलेल्याच्या हातातलं साधन काढून घेता, तर बदल्यात दुसरं द्या ना!

नुसत्या फोनच्या ब्लूटूथवर भागणार नाही, हेही खरं. त्याचा पल्ला थोडा, आणि आपल्याकडं पत्र्याच्या भिंती. पण 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या लहरी ठरलेल्या ताकदीच्या आत वापरायला परवाना लागत नाही. त्यावर चालणाऱ्या लोरा रेडिओच्या छोट्या पेट्या मिळतात, उंचावर आणि मोकळ्यावर काही किलोमीटर पोचतात. त्यावर फोटो, व्हिडिओ जात नाहीत. चार ओळींचा निरोप जातो, आणि जीव वाचवायला तेवढ्या पुरतात.

म्हणून माझ्या मागण्या तीनच.

एक, ग्रामपंचायत, शाळा, आरोग्य केंद्र आणि उंच गोदामांच्या छपरांवर सोलर-बॅटरीसह अशा पेट्या बसवा. खर्च गोदाममालकांनी उचलावा. रस्ता आमचा, धूळ आमची, तर एवढं तरी करा.

दोन, दरवर्षी मे महिन्यात तहसीलदारांनी सराव घ्यावा. सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर, आणि दापोड्याचा निरोप भिवंडीच्या तहसील कचेरीत आणि अग्निशमन दलाकडं किती मिनिटांत पोचतो ते मोजून जाहीर करावं.

तीन, निरोपाचा साचा ठरवा: कुठं, किती माणसं, काय हवं. "गुड मॉर्निंग"ला त्या वाटेवर बंदी.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत हा ठराव मी मांडणार आहे. हात वर करायला या. नाही आलात तरी चालेल, पण मग पुढच्या पुरात "नेटवर्क नव्हतं" म्हणून रडायचं नाही.