ग्वांगझूचे अंतर किलोमीटरात मोजू नका

कापडाच्या खरेदीसाठी चीनमधील ग्वांगझूला जाणारे आपले व्यापारी बांधव तिकीट काढताना एकच गोष्ट विचारतात, सर्वांत स्वस्त कोणते? आमच्या मते हा हिशेब अर्धवट आहे.

मुंबई ते ग्वांगझू हवाई अंतर सरळ रेषेत सुमारे 4,200 किलोमीटर. मधे कुठे न थांबता गेले तर साडेपाच-सहा तासांचे काम. परंतु 2020 च्या सुरुवातीला कोरोनामुळे भारत-चीन थेट विमाने थांबली, पुढे सीमेवरचा तणाव आडवा आला, आणि ती सुरू व्हायला 2025 चा ऑक्टोबर उजाडला. मोठ्या पेढ्यांना याची झळ फारशी लागली नाही. त्यांचे दलाल तिथेच बसलेले, नमुने कुरिअरने घरपोच! भरडला गेला तो लहान व्यापारी. त्याला ताका उलगडून, पोत बोटांनी चाचपूनच सौदा करावा लागतो.

26 ऑक्टोबर 2025 रोजी कोलकाता-ग्वांगझू विमान सुरू झाले, नोव्हेंबरात दिल्लीहूनही. आता गंमत पाहा. मुंबई-कोलकाता सुमारे 1,650 आणि कोलकाता-ग्वांगझू सुमारे 2,550 किलोमीटर. बेरीज तीच, 4,200! म्हणजे कोलकाता अगदी वाटेवरच आहे. बँकॉकमार्गे हेच अंतर 4,700 च्या वर जाते आणि सिंगापूरमार्गे साडेसहा हजारांच्या घरात.

तरीही कोलकाताच घ्या असे आम्ही म्हणत नाही. मधे आठ-दहा तास ताटकळावे लागणार असेल तर बँकॉकचा वळसा लवकर पोहोचवतो. शिवाय दोन वेगवेगळी तिकिटे काढली आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. वाचवलेले दोन-तीन हजार तिथेच जातात, वर हॉटेलची एक रात्र. म्हणून भिवंडीच्या दुकानाचे शटर ओढल्यापासून तिथल्या झोंगदा कापड बाजारात पाय ठेवेपर्यंतचे तास मोजा. त्यात मुंबई विमानतळापर्यंतची वाहतूक कोंडी आणि तीन तास आधी हजर राहणेही आले.

तिकिटावरच्या वेळांनी पुष्कळांची फसगत होते. त्या त्या-त्या गावच्या घड्याळाप्रमाणे असतात आणि चीनचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. रात्री 10 ला कोलकात्याहून सुटून पहाटे 4 ला पोहोचणारे विमान सहा तास उडत नाही, साडेतीन तासच उडते. परतताना मात्र, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून येणारे वरचे वारे समोरून लागतात, त्यामुळे वेळ जास्त जातो. परतीच्या दिवशी मुंबईत कुणाला भेटीची वेळ देऊ नये.

कँटन फेअरला जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की कापडाचा माल तिसऱ्या टप्प्यात असतो, म्हणजे मेच्या किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. त्या दिवसांत खोल्या महागतात. हलाल जेवणासाठी शियाओबेई भागात उतरणे सोयीचे, आणि तिथून कापड बाजारही मेट्रोने गाठता येतो.