ओटा कुणाच्या मापाचा?

सणवार जवळ आले की आपल्याला पहिलं आठवतं ते स्वयंपाकघर. मासिकातले चकचकीत ट्रॉल्यांचे फोटो बघायचे, ‘अंदाजे किती येईल हो?’ म्हणून विचारायचं आणि आकडा ऐकला की गुपचूप डबे घासायला बसायचं, हे दरवर्षीचंच. पण मैत्रिणींनो, मला वाटतं आपण सुरुवातच चुकीच्या टोकाने करतो. जुनं स्वयंपाकघर सुधारायचं तर रंग आणि टाइल्स नंतर. आधी टेप घ्या आणि स्वतःला मोजा.

आमचं घर १९८८ सालचं. ओटा काळ्या कडप्प्याचा, ३६ इंच उंच. गवंड्याने उंची विचारली ती सासऱ्यांना! सासूबाई जेमतेम पाच फुटी. त्या कायम पाटावर उभं राहून पोळ्या लाटायच्या. मला आपलं वाटे, असेल सवय. मी सून म्हणून आले, मीही तेवढीच, तर तो पाट माझ्याकडे आला. खांदे भरून यायचे, मान आखडायची. बाम चोळायचा आणि झोपायचं. इतक्या वर्षांत ओट्याला कुणी दोष दिला नाही, मीसुद्धा नाही.

हिशेब खरं तर सोपा आहे. ताठ उभं राहून हात कोपरात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. ओटा त्याच्या चार-पाच इंच खाली हवा. लाटायला-मळायला आणखी थोडा खाली, कारण तिथे अंगाचा जोर लागतो. माझं कोपर भरलं ३८ इंच. म्हणजे इतकी वर्षं मी पाटावर चढून तरी लाटत होते, नाहीतर खांदे उचलून तरी!

ओटा फोडणं परवडणारं नव्हतं. मुलाचं अभ्यासाचं टेबल पडवीत धूळ खात होतं, ३० इंची. त्याचे पाय ठोकून घट्ट केले, फरशीवाल्याकडून कडप्प्याचा उरलेला तुकडा आणला आणि वर बसवला. आता लाटणं, चिरणं सगळं तिथेच. (कडप्प्यावर लिंबू किंवा चिंचेचं पाणी सांडलं तर लगेच पुसा, नाहीतर पांढुरका डाग बसतो.) शेगडी मात्र ओट्यावरच ठेवली, लाकडाजवळ जाळ नको. तेवढ्यापुरता पाट अजून आहे.

हात लागलाच होता म्हणून बाकीचीही कामं उरकली. कौलांमध्ये एक काचेचं कौल बसवलं, दिवसा दिवा लावायची गरज संपली. टाइल्सचे काळे सांधे जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने खरवडले आणि पांढऱ्या सिमेंटने भरले. मांडणीचा तेलकट थर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून काढला. अॅल्युमिनियमच्या डब्यांना मात्र हा सोडा लावू नका, ते काळे पडतात.

एक गोष्ट बजावून सांगते. ओट्याखाली दारं बसवून सिलिंडर आत लपवायची हौस अनेकींना असते. दारं बसवा, पण त्यांना खालच्या बाजूला जाळी किंवा भोकं हवीतच. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत साचतो आणि बंद कपाटात असेल तर कळतही नाही. नळीवरची तारीखही त्याच वेळी बघून घ्या.

टेबल बघून सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र मेथीची जुडी घेऊन तिथेच खुर्ची ओढून बसल्या.

परवा नणंदेच्या नव्या घरी गेले होते. ओट्याचं काम निघालं होतं आणि गवंडी तिच्या नवऱ्याला उंची विचारत होता. मी म्हटलं, ‘‘थांबा हो, वन्संना उभं करा आधी.’’ तो हसला. पण तिचं कोपर मोजून त्याने भिंतीवर खडूने रेघ मारली, ३३ इंचांवर.