स्वीडनच्या भट्टीपेक्षा कोरियाची पिशवी जवळची

कचरा डेपो पेटला, धूर शेजारच्या वस्तीत शिरला की नगरपंचायतीच्या सभेत एक वाक्य हमखास येतं: परदेशात बघा, कचऱ्यापासून वीज बनवतात. गोष्ट खरी आहे. स्वीडनमध्ये घरगुती कचऱ्यातला जेमतेम एक टक्का जमिनीत पुरला जातो. सुमारे निम्मा जाळून वीज आणि घरं उबदार ठेवायला उष्णता मिळवतात. भट्ट्यांना कचरा कमी पडतो म्हणून ब्रिटन, नॉर्वेकडूनही तो मागवला गेला.

पण भट्टीला कोरडा कचरा लागतो. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डेन्मार्कच्या मदतीने असाच प्रकल्प उभा राहिला. रोज ३०० टन जाळायचे होते. चालला २१ दिवस! भाजीचे देठ, उरलेलं अन्न आणि झाडलोटीची माती असलेला कचरा पेटणार कसा?

त्यापेक्षा दक्षिण कोरिया आपल्याला जवळचा. भात, रस्सा, सोबत चार भाज्या असं तिथलं जेवण, म्हणजे कचराही ओला. तिथे १९९५ पासून कचरा टाकायला ठराविक पिशवी विकत घ्यावी लागते. जितका कचरा जास्त, तितक्या पिशव्या जास्त. २००५ मध्ये उरलेलं अन्न डेपोत पुरायला बंदी आली. २०१३ पासून ओला कचरा मोजून पैसे घेतात. अनेक इमारतींत डब्यालाच वजनकाटा आहे. आता तिथला ९५ टक्क्यांच्या आसपास अन्नकचरा खत, पशुखाद्य आणि बायोगॅसकडे जातो.

जपानच्या कामिकात्सु गावात तर घंटागाडीच नाही. लोक स्वतः केंद्रावर येऊन कचरा चाळीसहून अधिक प्रकारांत टाकतात. हे सगळीकडे जमणार नाही, हेही खरं.

मात्र सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ला नगरपरिषदेने कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा करून दाखवला. ओल्याचा बायोगॅस, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात. जुन्या डेपोच्या जागेवर आज लोक फिरायला येतात.

मग बाकीच्या ठिकाणी अडतं कुठे? घंटागाडीला कप्पे दोन असतात, डेपोवर ढीग मात्र एकच. कारण ठेक्यात आहे. कोरियात वजनावर पैसे घरमालक भरतो. आपल्याकडे अनेक ठिकाणी ठेकेदाराला टनावर बिल मिळतं, आणि ओला-सुका एकत्र, त्यात थोडी माती, म्हणजे काट्यावर वजन जास्त. पुढची निविदा निघेल तेव्हा नगरसेवकांनी आधी हे कलम वाचावं, वीजप्रकल्पाचं नंतर बघू.