रान गहाण टाकून 'गुंतवणूक'?

माळेगाव बुद्रुकात परवा एक पोरगं म्हणालं, "सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस २४५ घ्यायची. २०२० ला भारतात फक्त २०० आल्या. पुढं सोनं होणार!"

गाडी झकास आहे, वाद नाही. पण नुसत्या कमी संख्येनं भाव टिकत नाही. आरएक्स १०० ढिगानं खपली, १९९६ ला बंद झाली, तरी आज मागणी आहे. कारण गावातला मिस्त्रीही ती खोलतो. या गाडीचा जीव सेन्सर आणि कॉम्प्युटरात. पंधरा वर्षांनी री-पासिंगच्या वेळी पार्टच मिळाला नाही तर?

उसाच्या बिलातनं उरलेल्या पैशात हौस जरूर करा. पण रान गहाण टाकून घेतलेल्या गाडीला गुंतवणूक म्हणू नका. हप्ता थांबत नाही, राव. पटतंय का?